लेकरं सांभाळणाऱ्या बाईची हजेरी

पैठणात वाढलेल्या माणसाला नाथमहाराजांच्या, म्हणजे संत एकनाथांच्या, गोष्टी कुणी मुद्दाम शिकवाव्या लागत नाहीत. ओट्यावर, घाटावर, दळणाच्या गिरणीवर त्या कानावर पडतच असतात. माझी आजी त्यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. भर दुपारी नाथमहाराज गंगेवर स्नानाला निघाले होते (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात). वाळवंट तापलेलं, पाय ठेववत नव्हता. त्या वाळूत एका महाराचं लेकरू एकटंच पडून रडत होतं. नाथांनी सोवळं पाहिलं नाही, विटाळ पाहिला नाही. लेकरू कडेवर घेतलं, त्याचं नाक-तोंड पुसलं आणि महारवाड्यात नेऊन घरी पोचतं केलं.

कीर्तनकार ही गोष्ट समतेसाठी सांगतात आणि त्यांचं बरोबरच आहे. सोळाव्या शतकात, शास्त्री-पंडितांच्या या गावात, असं वागायला केवढी छाती लागली असेल. आजी मात्र गोष्ट तिथं संपवायची नाही. ती विचारायची, "लेकरू वाळूत आलं कसं? माय कुठं होती त्याची?" आणि उत्तरही तीच द्यायची, "कामाला गेली आसंल. दुसरीकडं कुठं जाणार माय?"

आमच्या गावाच्या गोष्टींत दुसऱ्यांनी वाढवलेली लेकरं पुष्कळ आहेत. शालिवाहन राजा म्हणे कुंभाराच्या अंगणात वाढला आणि मातीचे हत्ती-घोडे करून खेळला. पुढं त्याच मातीच्या सैन्यात जीव आला, अशी दंतकथा. नाथांचे आई-वडील त्यांच्या लहानपणीच गेले. त्यांना आजोबांनी, चक्रपाणींनी वाढवलं. आणि त्याच्याही अडीचशे वर्षं आधी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार पोरकी भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला आली होती. नागघाटावर रेड्यानं वेद म्हटल्याचा चमत्कार सगळे सांगतात. आजीला त्या चमत्काराचं फारसं काही वाटायचं नाही. तिचं म्हणणं एवढंच, की चार लेकरं आई-बापाविना गावात आली आणि गावात आधी कागदाचाच विचार झाला. जेवलात का, असं कुणी विचारलं असेल तर ते गोष्टीत आलेलं नाही.

तिला हे असं दिसायचं, कारण तिनं स्वतः लेकरं झोळीत टाकून काम केलं होतं.

आमच्या गावच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पाटीवर हेच लिहिलेलं असतं. या दोन तारखांच्या मधली दहा वर्षं आजीच्या बोलण्यात असायची. दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध काही आपोआप उभा राहिला नाही. यंत्रं होती, वडारांची कुटुंबं होती, आणि आसपासच्या खेड्यांतून रोजानं आलेल्या बाया होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं. नाथसागराच्या, म्हणजे या धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली शंभरावर गावं गेली, तेव्हा जमिनीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती मोबदल्याच्या कागदावर कुठंच नव्हती. एका वाड्यात राहणारे चार भाऊ चार वसाहतींत पांगले. म्हातारी एकाकडे राहिली, बाकी तिघांच्या बायकांना लेकरं ठेवायला घर उरलं नाही. आजीचं माहेर असंच बुडालं. ती म्हणायची, "जमिनीचं पैशात तरी झालं. माझ्या मायचं काय पैशात करतील?"

त्यातच बहात्तरचा दुष्काळ आला. त्या वर्षाबद्दल मराठवाड्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, पहिल्या वाक्यात मिलो येते. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापायला गेलं की तुटायची. दुसऱ्या वाक्यात कामावर वाटली जाणारी सुकडी येते आणि तिसऱ्यात खडी. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी. घरातला गडी आणि बाई दोघंही कामावर, कारण दोघांची मजुरी मिळाली तरच घर चालायचं. मग तान्ही लेकरंही कामावरच. बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू आत टाकायचं आणि कान तिकडं ठेवून दगड फोडायचा. आजी सांगायची, दगडाची कपची उडून झोळीपर्यंत जायची. चालायला लागलेली लेकरं तर जास्तच अवघड. ती खडीच्या ढिगावर चढायची, पाण्याच्या पिंपात वाकायची.

पहिले काही दिवस ज्याचं त्यानं पाहिलं. मग बायांनीच एक मार्ग काढला. त्यांच्यात एक म्हातारी होती. तिच्यानं हातोडा उचलत नव्हता, तरी पोटासाठी रोज यायची आणि मुकादम तिला परत पाठवायचा. बायांनी ठरवलं, हिनं झाडाखाली बसायचं आणि सगळ्यांची लेकरं बघायची. संध्याकाळी प्रत्येकीनं आपल्यातली चिमूट-मूठ सुकडी तिला द्यायची, आठवड्याच्या पगाराला थोडे पैसे द्यायचे. जिचं लेकरू आजारी, तिनं त्या दिवशी म्हातारीच्या जोडीला बसायचं आणि बाकीच्यांनी तिच्या वाटची खडी फोडायची. शेतीत बैलांची सावड असते, तशीच ही लेकरांची. कुणी लिहून ठेवलं नाही, कुणी अध्यक्ष झालं नाही. पण आज ज्याला सहकारी पाळणाघर म्हणतो त्याच्या सगळ्या गोष्टी त्या बाभळीखाली होत्या. काम वाटून घेतलेलं, खर्च वाटून घेतलेला आणि निर्णय ज्यांची लेकरं त्यांचाच.

एकच गोष्ट नव्हती. त्या म्हातारीचं नाव हजेरीपटावर नव्हतं. बायांनी मुकादमाला म्हटलं, हिची पण हजेरी लाव. तो म्हणाला, हिनं खडी कुठं फोडली? मोजायला ढीग पाहिजे. हा संवाद आजी नेहमी उभं राहून, हातवारे करून सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "बारा लेकरं संध्याकाळी धड घरी गेली. त्याचा ढीग कसा दाखवायचा होता त्याला?"

पुढं कायदा झाला. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी दुष्काळाच्या आधीपासून मांडली होती. दुष्काळानं तिला बळ दिलं. १९७७ साली विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कामावर पिण्याचं पाणी, विसाव्याला सावली आणि लेकरांसाठी पाळणाघर असावं, हे त्या योजनेत आलं. नंतर २००५ च्या देशपातळीवरच्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलं गेलं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर एका बाईला त्यांच्यासाठी नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे बाभळीखालच्या म्हातारीची हजेरी अखेर कायद्यानं मान्य केली. आजी तोवर थकली होती. मी तिला हे वाचून दाखवलं तेव्हा तिनं विचारलं, "लावतात का पण?" किती कामांवर असा पाळणा खरोखर हलताना दिसतो, हे प्रत्येक वाचकानं आपल्या गावच्या कामावर जाऊन पाहावं.

आमच्या घरात या प्रश्नाची किंमत माझ्या थोरल्या मावशीनं दिली. माझी आई तान्ही होती आणि आजी कामावर जायची, तेव्हा मावशी आठ-नऊ वर्षांची. तिला शाळेतून काढलं नाही, असं सगळे म्हणतात. ते खरंही आहे, कारण तिला कधी घातलंच नव्हतं. ती दिवसभर माझ्या आईला कडेवर घेऊन फिरायची. आई शिकली, नोकरीला लागली, आणि मावशी आजही अंगठा लावते. तिच्या कमरेला लहानपणी पडलेला बाक तसाच आहे. महाराष्ट्रातल्या हजारो शाळांत मुलींच्या नावापुढं जी गैरहजेरी लागत आली, तिच्यातली पुष्कळशी अशा कडेवरच्या लेकरांची आहे.

हे फार पूर्वी ओळखलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीकडं येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथं आहे. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं त्यांना दिसलं, की मोठी भावंडं शाळेत येत नाहीत, कारण धाकटी घरी एकटी पडतात. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र ठेवली. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच येते ना, मग येऊ दे. धाकटं पाळण्यात, ती वर्गात. या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटलं. गेल्या शंभर वर्षांत मराठी मुलखात शिक्षणाचे जे शोध लागले, त्यांत मी हा फार वरचा मानते. माझ्या मावशीच्या लहानपणी कोसबाडात हे चालू होतं. पैठणपर्यंत ते पोचलं नव्हतं.

अंगणवाडी पोचली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढं गावोगावी तिच्या सेविका उभ्या राहिल्या. त्यांनी केलेल्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. लसीकरणापासून पोषणापर्यंत किती ओझी त्या वाहतात. पण अंगणवाडी काही तासांची असते आणि ती मुख्यतः तीन वर्षांपुढच्या मुलांना बसवून घेते. आमच्या भागात कापसाच्या वेचणीला बाई उजाडता निघते आणि दिवस मावळता येते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. कडेवर लेकरू घेऊन वेचणाऱ्या बाईच्या ओटीत संध्याकाळी कापूस कमीच भरणार. तिचं वर्षाचं लेकरू दिवसभर कुठं ठेवायचं, याला अंगणवाडीत उत्तर नाही.

शहरात तरी कुठं होतं? मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची गोळी देऊन झोपवत, हे १९२० च्या दशकातल्या सरकारी चौकश्यांतच नोंदलेलं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानं पाळणाघर सक्तीचं केलं. पुढं त्याची मर्यादा ३० हून अधिक बायका कामाला असण्याची होती. दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांची मुलं मातीत लोळताना पाहून मीरा महादेवन यांनी १९६९ साली मोबाइल क्रेशेसचं काम सुरू केलं, ते पुढं मुंबईतही आलं. ही सगळी कामं मोलाची आहेत. पण कायदा माणसं मोजतो ती एका मालकाच्या दारात. पैठणीच्या मागावर घरातच बसलेली बाई कुणाच्या हजेरीत येते? चार जणींना घेऊन मोसंबीच्या बागेत खुरपायला जाणारी? आठ घरची धुणी-भांडी करणारी? तिला आठ मालकिणी आहेत आणि पाळणाघर एकीवरही बंधनकारक नाही.

आमच्या गल्लीत एक मावशी मुलं सांभाळायची. तिच्याकडं पैठणी विणणाऱ्यांची, एमआयडीसीत जाणाऱ्यांची, एका शिक्षिकेचंही मूल असायचं. माग चालवताना बाईला मध्येच उठता येत नाही. रेशमाची तार तुटली तर जोडायला वेळ जातो, आणि काठावरचा मोर किंवा मुनिया निम्म्यात सोडला तर मोजणी चुकते. म्हणून विणकर बाया मावशीला फार मानायच्या. मीही तिच्याच ओट्यावर वाढले. तिच्या हाताला गुण होता. रडकं मूल तिच्याकडं गेलं की गप्प व्हायचं. पण ती एकटी होती. तिला सुट्टी नव्हती. पैसे कुणी महिन्याच्या महिन्याला द्यायचं, कुणी दिवाळीला लुगडं घेऊन भागवायचं. ती आजारी पडली आणि त्या आठवड्यात गल्लीतले कितीतरी माग बंद राहिले. बरी झाल्यावर तिनं पुन्हा मुलं घेतली नाहीत. तिला पेन्शन नव्हती, शिल्लक नव्हती. तिच्या जिवावर किती संसार उभे राहिले, याचा हिशेब कुणी केला नाही.

अशा एकट्या मावशीची जेव्हा संस्था होते तेव्हा काय घडतं, हे पाहायचं तर अहमदाबादकडं बघावं लागतं. इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या सेवा या कष्टकरी बायांच्या संघटनेतून १९८६ साली संगिनी ही बालसंगोपनाची सहकारी संस्था उभी राहिली. कष्टकरी बायाच तिच्या सभासद. केंद्राची वेळ आयांच्या कामाच्या वेळेप्रमाणे ठरते. आया आपल्याला झेपेल तेवढी फी देतात, बाकीचा भार संस्था इतर मार्गांनी उचलते. तिथं कोणत्या मालकाकडं किती बायका कामाला आहेत, हा प्रश्नच उरत नाही. फेरीवाली, विडीवाली, टोपलीवाली यांची लेकरं एका छताखाली येतात.

आपल्याकडं सहकार म्हटलं की साखर, सूत, दूध आणि पतसंस्था आठवते. ऊस एकट्यानं गाळता येत नाही म्हणून कारखाना सहकारी झाला. लेकरूही एकट्या आईनं सांभाळून मजुरी करता येत नाही, मग हे काम सहकारात का नको? महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा आहेच. वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणी एकत्र आल्या की तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं प्रस्ताव देता येतो. नाव ठरवायचं, उपविधी तयार करायचे, भाग गोळा करून बँकेत ठेवायचे. शेअर किती का असेनात, मत प्रत्येकीला एकच. नफा झाला तर त्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. गल्लीतली मावशी आजारी पडली त्या आठवड्यात असा निधी असता तर तिचा पगार चालू राहिला असता आणि बदली बाईही मिळाली असती.

हिशेब आधी सरळ मांडावा. तीन वर्षांखालची दहा लेकरं एकीच्या अंगावर म्हणजे तिची कसोटीच. एकीला दूध गरम करायला उठावं लागतं, एक लेकरू तेवढ्यात ओलं होतं, म्हणून निदान दोघी हव्यात. दोघींना आयांइतकीच मजुरी द्यायची ठरली तर दहा आयांनी आपल्या मजुरीचा पाचवा हिस्सा बाजूला काढावा लागेल. वर भाडं, दूध, खाऊ, औषध. वेचणाऱ्या बाईला हे एकटीला जड जातं, हे कबूल केलं पाहिजे. तीन वर्षांपुढची थोडी मुलं बरोबर घेतली तर भार हलका होतो. ग्रामपंचायतींनी उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून खोली, पाणी, वीज मिळवता येते. बागाईतदाराला वेचणीच्या दिवसांत बाया हव्या असतात. त्याच्याकडून हंगामाची वर्गणी मागायला लाजू नये. पण पगार कमी करून हिशेब जुळवायचा नाही. सांभाळणाऱ्या बाईच्या पोटाला चिमटा काढून पाळणाघर उभं करायचं असेल तर आमच्या गल्लीतलंच पुन्हा होईल.

चालवताना भांडणं होतातच आणि ती बारीक गोष्टींवरून होतात. उशिरा कोण येतं, खोकणारं लेकरू का आणलं, माझ्या लेकराला कमी भरवलं का. त्यासाठी एक वही लागते. लेकरू किती वाजता आलं, कुणी आणलं, काय खाल्लं, कुणी नेलं. ज्याचं नाव वहीत नाही त्याच्या हातात लेकरू द्यायचं नाही, मग तो मामा असो की काका. बैठक रात्री जेवणं झाल्यावर घ्यावी, तेव्हाच बाया मोकळ्या होतात. अध्यक्ष ज्यांचं लेकरू तिथं आहे अशांपैकीच असावी आणि सांभाळणाऱ्या बायांना समितीत जागा असावी. गावातल्या पुढाऱ्याच्या पत्नीला मानानं बसवलं की संस्था तिच्या घरी जाते, आणि मराठवाड्यानं सहकारातलं हे दुखणं पुष्कळ पाहिलं आहे.

सगळ्यांत अवघड आहे ती ऊसतोडीची गोष्ट. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, आमच्याही तालुक्यातून कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, म्हणून बाई बाळंतीण असली तरी जावं लागतं. फडाच्या बांधावर, बैलगाडीखाली, कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, दारात तान्ही असतात, आणि रस्त्यानं ट्रॅक्टर चालू असतात. छत्रपती संभाजीनगरच्या जनार्थ संस्थेनं कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या तेव्हा शाळेच्या वयाच्या मुलांची थोडी सोय झाली. मागं गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहंही निघाली. शाळेच्या वयाच्या आतली मात्र अजून फडातच आहेत. पुष्कळ कारखाने सहकारी आहेत, ऊस देणारे त्यांचे सभासद आहेत, तोडणाऱ्या बाया कुणाच्या सभासद नाहीत. पाच-पन्नास कोपींचा तळ एका जागी सहा महिने असतो. त्यातल्या दोन बायांनी कोयता न धरता लेकरं धरायची आणि त्यांची मजुरी टनामागं कापून कारखान्यानं थेट द्यायची, ही व्यवस्था एका हंगामात करता येईल. साखरेच्या पोत्यामागं तिचा भार जाणवणारही नाही.

आमच्या तालुक्यातल्या बायांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गल्लीत, वस्तीत, तळावर कुणीतरी एक जण दुसऱ्यांची लेकरं बघतेच आहे. या महिन्यापासून तिचा पगार ठरवा, तो वहीत लिहा आणि तिच्या जोडीला दुसरी बाई द्या. दहा घरं जमली की उपविधीचा नमुना मागायला सहायक निबंधकांच्या कार्यालयात जा. जाताना तिलाही बरोबर न्या. सभासदांच्या यादीत पहिलं नाव तिचं असू द्या.